ओळखीचे सर पुरेसे नाहीत

गल्लीतल्या क्रीडा मंडळात मुलांच्या सुरक्षेची लेखी नियमावली करा, असं कोणी सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘आपलं मंडळ म्हणजे घर आहे. सर इतक्या वर्षांचे ओळखीचे, एक पैसा न घेता शिकवतात. त्यांच्याकडे पोलिसांचा दाखला मागायचा?’ असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. पदरमोड करून मॅट आणणारी, पहाटे मुलांना स्पर्धेच्या गाडीत बसवून देणारी बहुधा तीच असतात. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकू नये, तपासावं.

तपासलं की ते टिकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते: मुलांवरील बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. मग केवळ ओळखीच्या भरवशावर मुलं कशी सोपवायची?

‘पालक मैदानावर बसलेले असतात की!’ हा दुसरा आधार. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करायचा, आणि काही वेळा मुलीची आई त्याच खोलीत असायची. आईला दिसणार नाही अशा बेताने तो उभा राहायचा. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींची निवेदनं ऐकली गेली आणि त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली.

इतकं लांब जायचीही गरज नाही. ऑगस्ट 1990 मध्ये हरियाणातल्या पंचकुला इथे चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. करणारा होता एस. पी. एस. राठोड, राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक. मुलगी गप्प बसली नाही. तिच्या मैत्रिणीने साक्ष दिली, घरचे पाठीशी उभे राहिले. त्यानंतर मुलीला शाळेतून काढलं गेलं, भावावर गाडीचोरीचे गुन्हे दाखल झाले, आणि डिसेंबर 1993 मध्ये तिने जीव दिला. राठोड पुढे पोलीस महासंचालक झाला. त्याला दोषी ठरवायला डिसेंबर 2009 उजाडलं आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची; वरच्या न्यायालयाने ती पुढे दीड वर्षं केली. ‘मुलांनी सांगितलं तर आम्ही ऐकूच’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीने हा घटनाक्रम वाचावा. मुलीने सांगितलंच होतं. पण संघटनेचा अध्यक्षच आरोपी असेल तर तक्रार कोणाकडे न्यायची, याची सोय कुठेच नव्हती.

आणि सगळीच मुलं सांगत नाहीत. संघात कोण खेळणार, हे सर ठरवतात. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, या सगळ्यांची वाट त्या निवडीतूनच जाते. शिवाय ‘सर सांगतील ते निमूट करायचं’ ही शिस्त आपणच मुलांच्या अंगी बाणवलेली. चुकलं की फटका आणि उलटून विचारलं की दहा फेऱ्या, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाने नको त्या स्पर्शाला मात्र ठामपणे नकार द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून मारहाणीला बंदी हा सुरक्षेचाच भाग मानायला हवा.

‘खेळात हात लावावाच लागतो’ हा आक्षेप मात्र खरा आहे. मल्लखांबावर पहिल्यांदा उलटं होणाऱ्या मुलाला कमरेला आधार दिला नाही, तर मान जायची. तो आधार द्यावाच. पण आधी सांगून, सगळ्यांदेखत, आणि मूल ‘नको’ म्हणालं की थांबून. चांगल्या प्रशिक्षकाला यात काहीच जड जात नाही. उलट सगळं उघड्यावर चाललं की खोट्या आरोपाची भीतीही उरत नाही.

नियमांनी सेवाभावी माणसं पळतील, हीदेखील निराधार भीती. इंग्लंडमध्ये मुलांचे संघ चालवणाऱ्या फुटबॉल क्लबांना बालसुरक्षेसाठी स्वतंत्र जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासली जाते. तरी तिथली मैदानं शनिवार-रविवारी स्वयंसेवकांच्याच जोरावर चालतात.

आपल्याकडे तर कायदाही तयार आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांत शाळा, पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचाही स्पष्ट उल्लेख आहे: मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी व्हायला हवी. मानधन न घेणाऱ्यांनाही तोच नियम लावायला मंडळाला कोण अडवतं? गुन्ह्याची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं मूळ कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘मंडळाची बदनामी नको, आपसात मिटवू’ म्हणणारे स्वतःच गुन्हा करत असतात. बदलापूरच्या शाळेतील 2024 च्या बालअत्याचार प्रकरणात संस्थाचालकांवरही माहिती न दिल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

करायचं ते फार नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत मोठ्यांनी थांबू नये. बाहेरगावच्या स्पर्धेला किमान दोन मोठी माणसं जावीत, मुली असतील तर त्यात एक बाई असावी, आणि मुलांच्या खोलीत प्रशिक्षकाने झोपू नये. मुलाला एकट्याला निरोप पाठवू नयेत. जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर सांगावं. तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकांच्या किंवा अध्यक्षांच्या नात्यातली नसावी. तिचा फोन नंबर आणि चाइल्डलाइनचा 1098 मैदानावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. उन्हाळी शिबिराचे फॉर्म भरून घेताना या नियमांचा कागद पालकांच्या हाती द्यावा, आणि पहिल्या दिवशी सरावाआधी सरांनी स्वतः तो मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा.