होय, मी बँडवाला!

गेल्या रविवारी एका कोर्समेटचा फोन आला. खडकवासल्याला आम्ही एकाच स्क्वॉड्रनमध्ये होतो. आता तो वर्दी उतरवून पुण्यात नोकरी करतो. बोलता बोलता मी सांगून बसलो, की बर्फानं रस्ता बंद झाला की संध्याकाळी आम्ही पाच अधिकारी मेसमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो आणि माझं पात्र बार्ड आहे. तो खो खो हसला. म्हणाला, "लेका, वीस वर्षं इन्फन्ट्रीत काढलीस आणि खेळात बँडवाला झालास?"

त्या हसण्याला हे उत्तर.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली छापून आणला. त्याची मुळं टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या युद्धखेळांत आहेत आणि त्या खेळांचा पूर्वज म्हणजे प्रशियाच्या अधिकाऱ्यांना लढाई शिकवणारा 'क्रीगस्पील'. म्हणजे आपण सँड मॉडेलभोवती उभे राहून जे करतो, त्याचाच हा दूरचा चुलतभाऊ. एकजण प्रसंग रंगवतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि काय साधलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. बार्ड हा गाण्यातून जादू करणारा.

बार्डला बरेच जण 'भाट' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. भाट धन्याची स्तुती करतो आणि बिदागी घेतो. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द शाहीर. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आठवा. त्याच्या पोवाड्याचा नायक तो स्वतः नव्हता. बार्ड चांगला खेळायचा असेल तर एवढं एक कळलं तरी पुष्कळ झालं.

बार्ड कुचकामी, असं म्हणणारे बघतात काय? त्यानं किती राक्षस मारले. हा हिशोबच चुकीचा आहे. आम्ही २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. त्यात बार्ड साठ फुटांच्या आत असलेल्या आणि त्याला ऐकू शकणाऱ्या सोबत्याला एक जादा फासा देतो. सुरुवातीला तो सहा बाजूंचा असतो. पुढच्या दहा मिनिटांत सोबती तो एकदा स्वतःच्या फाशात मिळवू शकतो, मग वार असो, बचाव असो की कडा चढणं. वार योद्ध्याचा दिसतो, पण त्यातले तीन-चार आकडे बार्डचे असतात. ते नोंदवायला कोणी बसलेलं नसतं.

पण माझं खरं भांडण हसणाऱ्यांशी नाही. बार्ड वाईट खेळून त्याचं नाव घालवणाऱ्यांशी आहे. एक प्रकार विदूषकांचा. दिसेल त्या पात्राशी लाडीगोडी, प्रत्येक संवादात स्वतःचं घोडं पुढे आणि जोडीदाराची पाळी आली की हा मोबाइलमध्ये. दुसरा प्रकार कंजुषांचा. त्या दुसऱ्या प्रकारात मी स्वतः मोडत होतो, म्हणून अधिकारानं बोलतो.

आमच्या पहिल्याच मोहिमेत माझ्याकडे असे तीन फासे होते. मी ते 'शेवटच्या मोठ्या लढाईसाठी' राखून ठेवले. मंत्र मात्र चमकायच्या नादात आधीच उधळले होते. गुहेत ड्रॅगननं आमच्या सॅपर कॅप्टनच्या योद्ध्यावर आम्ल फुंकलं. आधीच जखमी असलेल्या योद्ध्याचा बचाव दोन आकड्यांनी हुकला. माझा एक फासा त्याच्याकडे असता, तर सहापैकी पाच वेळा तो तरला असता. तो पडला, तो उठलाच नाही. पोरगा काही बोलला नाही. चार महिने चालवलेल्या पात्राचा कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला. माझे तीनही फासे माझ्यासमोर तसेच पडून होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण खेळ नव्हतं. कंपनी कमांडर असताना माझ्याकडे एक हवालदार होता. कामाला वाघ. त्याला तोंडभरून 'शाबास' म्हणायचं मी निरोपाच्या बडा खान्यासाठी राखून ठेवलं होतं. ऐन वेळी मला कोर्सवर जावं लागलं आणि तो पेन्शनवर गेला. त्याचं शाबास माझ्याकडेच राहिलं.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. फासा लढाईच्या तोंडावर, आधीच द्यायचा. वार सुटल्यावर देता येत नाही. पाचव्या पातळीपासून तासाभराच्या विश्रांतीनंतर सगळे फासे परत मिळतात, मग राखायचे कशाला? शत्रूला टोमणा मारण्याचा मंत्र जखम किरकोळ करतो, पण तो लागला तर शत्रूचा पुढचा वार डळमळतो. तो सगळ्यात दांडग्यावर वापरायचा. उपचाराचा एक शब्द नेहमी हातात ठेवायचा. त्यानं मोजकेच हिट पॉइंट भरतात, पण जमिनीवर पडलेला गडी उठून पुन्हा लढतो. आणि पुढे घुसायचं नाही. साठ फूट खूप असतात.

आणि हे सगळं जमण्यासाठी दुसऱ्याच्या पाळीला कान देऊन बसावं लागतं. कोण आता अवघड काम करणार आहे, कोण घाबरलाय, कोण तीन पाळ्या गप्प आहे, हे ज्याला कळत नाही त्यानं बार्ड घेऊ नये. त्यानं कुऱ्हाड घ्यावी, ते सोपं आहे.

आता 'बँडवाला' या शब्दाबद्दल. माजी सैनिकांना हे सांगायची गरज नाही, पण कोर्समेट विसरलेला दिसतो. परेडला ज्यांच्या ठेक्यावर आपण पावलं टाकली, ते पलटणीचे बँडवाले लढाईत स्ट्रेचर उचलतात. वाद्य खाली ठेवून जखमींना आणायला जातात. गाणं आणि उपचार एकाच माणसाकडे असणं हे कोणा अमेरिकन खेळवाल्याच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपल्या फौजेत ते रोजचं आहे.

तेव्हा मित्रा, बँडवाला म्हण, मला चालेल. सॅपर कॅप्टननं नवा योद्धा बनवलाय आणि या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच गुहेत उतरतोय. सुट्टी काढून ये. तुला कुऱ्हाडवाला देतो. दारातून आत शिरण्याआधी पहिला फासा तुझ्या हातात असेल.