रसिकतेचे प्रमाणपत्र पुरे झाले

यशवंतराव चव्हाणांचा विषय निघाला की आपल्या साहित्यवर्तुळात एक पालुपद हमखास आळवले जाते : राजकारणी असूनही माणूस किती रसिक! या 'असूनही'त आम्हां साहित्यवाल्यांचा सारा अहंकार आणि सारी लाचारी एकवटली आहे, असे आमचे मत आहे. ज्याने राज्य उभे केले त्याला आम्ही ग्रंथप्रेमाचे प्रमाणपत्र देतो आणि त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याच्या जबाबदारीतून स्वतःला सोडवून घेतो.

आमच्या अभ्यासक्रमांना परिचित असलेले यशवंतराव म्हणजे 'कृष्णाकाठ'चे यशवंतराव. देवराष्ट्र्याचे पोरकेपण, आईचे कष्ट, स्वातंत्र्यलढा. सारे हृद्य आहे. पण हे आत्मचरित्र १९४६ पाशी, म्हणजे सत्तेच्या उंबरठ्यावरच थांबते. पुढचे खंड लिहून झाले नाहीत. तेव्हा ज्या यशवंतरावांवर आम्ही निबंध लिहितो त्यांच्या हाती अजून सत्ताच आलेली नाही!

ती आल्यानंतरचा मजकूर निराळ्या गद्यात आहे. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीला मुख्य स्थान देऊन जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे सुचवले होते. महाराष्ट्राने १९६१ च्या कायद्याने उलट वाट धरली. जिल्हा परिषद बलवान केली, तिचा अध्यक्ष लोकनियुक्त ठेवला आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्याबाहेर काढले. १ मे १९६२ पासून गावाकडच्या शाळेचा, दवाखान्याचा, रस्त्याचा निर्णय जिल्ह्यातच होऊ लागला. पुढे याच संस्था काही घराण्यांची वतने झाल्या, हेही त्याच मजकुराचे उत्तरार्ध होय. सत्ता कोणाच्या हाती गेली आणि कोणाच्या गेली नाही, हा प्रश्न ग्रामीण आणि दलित साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटावा, याचे आम्हांस नवल वाटते.

साहित्य संस्कृती मंडळ १९६० चे; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु अनुदान घेणाऱ्याने देणाऱ्याची परीक्षा करू नये, हा संकेत कोणी घातला? तो आम्हीच आमच्यावर घालून घेतला.

त्याचा कस लागला तो १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात. देशात आणीबाणी. स्वागताध्यक्ष यशवंतराव, तेव्हाचे केंद्रीय परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. यजमानाच्या गावी, त्याच्याच मांडवात दुर्गाबाईंनी आणीबाणीचा निषेध केला आणि जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करवली. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. एवढा वाचलेला माणूस तेव्हा गप्प का राहिला, हा यशवंतरावांविषयीचा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. ग्रंथसंग्रह कितीही मोठा असला, तरी तो त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आमचे म्हणणे यशवंतरावांना लहान करण्याचे नाही; उलट, रसिकतेच्या शालीत गुंडाळून आम्हीच त्यांना लहान केले आहे. १९६१ चा कायदा आणि १९७५ चे मौन ही दोन्ही त्यांचीच कृती आहे. दोन्ही एकत्र वाचण्याचे धैर्य वर्गात दाखवता येत नसेल, तर निदान 'राजकारणी असूनही' हे शब्द तरी आपण टाकून द्यावेत. दुर्गाबाईंनी यजमानाला हे प्रमाणपत्र दिले नव्हते. त्याला विरोध करण्याइतके गांभीर्याने घेतले होते.