उणे भावाचे तेल

युद्ध पेटले की तेल चढते, तह झाला की उतरते. एवढ्या हिशेबावर वायद्याचा सौदा करणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांनी २० एप्रिल २०२० ची हकिगत अवश्य आठवावी. महामारीमुळे जगातील वाहने थांबली होती. अमेरिकी वायद्याचे तेल ओक्लाहोमातील कुशिंग येथे प्रत्यक्ष स्वीकारावे लागते आणि तेथील टाक्यांत जागा मिळेना. मे महिन्याच्या वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. तेल ठेवावयास ठिकाण नसलेले लोक पदरचे पैसे देऊन सुटका करून घेऊ लागले आणि न्यूयॉर्कचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर ठरला.

मुंबईच्या एमसीएक्सवर तेल कोणी उचलीत नाही. न्यूयॉर्कच्या भावाने केवळ फरक चुकता होतो. टाळेबंदीमुळे तेथील व्यवहार त्या दिवशी सायंकाळी ५ वाजताच आटोपले, तेव्हा भाव होता ९६५ रुपये. अखेरचा हिशेब लागला उणे २,८८४ रुपयांनी. म्हणजे ९६५ ला १०० पिंपांचा एकच सौदा घेऊन निजलेल्यास ३,८४,९०० रुपयांचा खड्डा! तोटा रोखण्याची आगाऊ सूचना दलालाकडे असूनही व्यर्थ. बंद बाजारात सौदा कापणार कोण? बाजार नेहमीप्रमाणे रात्री ११.३० पर्यंत चालता, तर निसटावयास काही तास मिळाले असते, हे खरे. पण भाव शून्याखाली गेला, तो त्यानंतर काही मिनिटांनी.