बरोबरच्या चिन्हावाचून

जुन्या एचपी कॅल्क्युलेटरवर जीव टाकणाऱ्या अभियंत्यांची टिंगल करणं सोपं असतं. त्यांच्या यंत्रावर ‘बरोबर’चं बटण नाही, कंस नाहीत. दोन अधिक तीन करायचं तर आधी दोन, मग एंटर, मग तीन आणि सरतेशेवटी अधिक. बरं, हे यंत्र कुणाला उसनं दिलं तर घेणारा दोन मिनिटांत परत आणून देतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणारा आणि खिशातल्या मोबाइलवर सगळी आकडेमोड उरकणारा तरुण इंजिनिअर या मंडळींकडे पाहून हसला, तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हसण्यामागे चार आक्षेप आहेत: हा निव्वळ स्मरणरंजनाचा प्रकार आहे, ही पद्धत शाळेच्या गणिताशी विसंगत आहे, तिच्या जन्माचं कारण केव्हाच संपलं आहे आणि तिच्यावाचून आज कुणाचंच काही अडत नाही.

शाळेच्या आक्षेपापासून सुरुवात करावी, कारण तोच सगळ्यांत भक्कम वाटतो. बदलापूरच्या शिरगावातलं कुठलंही पोर ‘कंचेभागुबेव’ घोकत मोठं होतं. आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. गणित जसं वहीत लिहितात तसंच यंत्रावर दाबावं, हे म्हणणं वाजवीच आहे. पण यंत्रं तरी ते कुठे पाळतात? किराणा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ दाबलं तर उत्तर येतं २०, सायंटिफिकवर १४. एक्सेलमध्ये =-३^२ लिहिलं तर ९ मिळतात, सायंटिफिक कॅल्क्युलेटर तेच −९ सांगतो. आणि ६ ÷ २(१+२) याचं उत्तर काही मॉडेलांवर १ येतं, तर काहींवर ९. यंत्र एकही बिघडलेलं नाही. क्रियांचा क्रम कोणता धरायचा हे प्रत्येक कारखान्याने आपल्यापुरतं ठरवलं आहे आणि वापरणाऱ्याला ते विचारलेलं नाही.

एचपीच्या या आधी आकडे, मग क्रिया अशा पद्धतीला ‘उलट पोलिश’ म्हणतात, आणि तिच्यात हा वाद उद्भवतच नाही. तिथे नियम लावणारं कुणी नसतं, कारण क्रम माणूस स्वतः ठरवतो. (३+४) × (५+६) करायचं तर ३, एंटर, ४, +, ५, एंटर, ६, +, ×. नऊ बटणं. कंसांच्या यंत्रावर याला बारा लागतात. मात्र तीन बटणं वाचली म्हणून कुणी आयुष्यभर एखाद्या यंत्राच्या प्रेमात राहत नाही, आणि ‘आमची पद्धत वेगवान’ एवढाच दावा भक्तांनी करू नये. सवयीच्या माणसाला दोन्ही पद्धती वेगवानच असतात.

खरा फायदा मधल्या उत्तरांत आहे. बारवी धरण आणि उल्हास नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या या पट्ट्यात शोभेल असं एक कल्पित उदाहरण घ्यावं. नळाचा व्यास ०.९ मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटर. व्यासाचा वर्ग केला की पडद्यावर ०.८१ दिसतो. π ने गुणून ४ ने भागलं की ०.६४, म्हणजे नळाच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. त्याला १.५ ने गुणलं की सेकंदाला ०.९५ घनमीटर, दिवसाला सुमारे ८२ दशलक्ष लिटर. प्रत्येक पायरीवरचा आकडा डोळ्यांखालून जातो. समजा व्यास टाकताना दशांशचिन्ह निसटलं आणि ०.९ चे ९ झाले. पडद्यावर ६३.६ चौरस मीटर येतील. एवढ्या जागेत बदलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट बसतो. नळाचं तोंड एवढं नसतं, हे अभियंत्याला पुढचं बटण दाबण्याआधी कळतं. लांबलचक समीकरण एका दमात टाइप करून ‘बरोबर’ दाबणाऱ्याला मात्र फक्त शेवटचा आकडा दिसतो, आणि तो खरा मानण्यावाचून त्याच्यापाशी दुसरं काही नसतं.

आता जन्माच्या कारणाचा आक्षेप. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी १९२४ च्या सुमारास कंसांवाचून सूत्रं लिहिण्याची पद्धत काढली. तिच्यात चिन्ह आधी आणि पदं नंतर. पुढे १९५० च्या दशकात संगणकासाठी ती उलटी केली गेली. त्या कामात ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. एचपीने १९६८ च्या ९१००ए या टेबलावरच्या यंत्रात आणि १९७२ च्या खिशात मावणाऱ्या एचपी-३५ मध्ये ती उचलली, यामागे काटकसर होती. कंस समजून घेण्यासाठी लागणारी स्मृती तेव्हा महाग होती. एचपी-३५ ची किंमत ३९५ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन हजार रुपये, आयातकर वेगळा. एवढं करूनही तीनेक वर्षांत त्याचे तीन लाखांवर नग खपले.

स्मृती स्वस्त झाली, मग पद्धत का टिकली? कारण कंसांचं यंत्रदेखील आतून बहुधा हेच करतं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी नेहमीच्या लिखाणातलं सूत्र या उलट क्रमात बसवण्याची रीत मांडली आणि तिला नाव पडलं ‘शंटिंग यार्ड’. कल्याणला लोकल अडकली की खिडकीतून शेजारच्या यार्डात डबे इकडून तिकडे हलताना बदलापूरकरांनी पाहिलेले असतात. चिन्हं बाजूच्या रुळावर थांबवून ठेवायची, वेळ आली की पुढे सोडायची, अशी ती युक्ती आहे. स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ छापायला दिली, तर तिच्या पोटातल्या आज्ञाही आधी आकडे, मग क्रिया अशाच लिहिलेल्या असतात. जावाचा बाइटकोडही थप्पीवरच, म्हणजे आकडे एकावर एक रचून ठेवणाऱ्या स्टॅकवरच, चालतो. जी रीत कालबाह्य म्हणून हिणवली जाते तिच्यावर हसणाऱ्यांची रोजची कामं चालली आहेत.

भक्तांचे काही दावेही खोडून काढायला हवेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ही पद्धत मराठी माणसाच्या रक्तातच आहे, हा युक्तिवाद गमतीचा आहे, त्याहून जास्त नाही. मराठीत विचार करणारे लाखो लोक कॅसिओवर सुखाने हिशेब करतात. ही यंत्रं चुकत नाहीत, हेही खरं नाही. सुरुवातीच्या एचपी-३५ मध्ये २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून त्याचा घातांक घेतला तर २.०२ ऐवजी नुसतेच २ येत. शिवाय जुन्या यंत्रांची थप्पी चारच आकड्यांची. पाचवा आकडा टाकला की सगळ्यांत वरचा गुपचूप नाहीसा होतो, यंत्र चकार शब्द काढत नाही. आणि मागे लेखी खूण राहत नाही. दुसऱ्या कुणाला हिशेब तपासायचा असेल तर कागदावरचं समीकरण किंवा एक्सेलची शीटच हवी. तिथे उलट पोलिश पद्धतीचा आग्रह धरणं हा हेकटपणा होईल.

स्मरणरंजनाच्या आरोपाला उत्तर बाजार देतो. १९८१ मध्ये आलेलं एचपी-१२सी हे वित्तक्षेत्राचं यंत्र आजही विकलं जातं, आणि सीएफएच्या परीक्षेत ज्या दोनच कॅल्क्युलेटरना परवानगी आहे त्यांत ते एक आहे. एचपी-१५सी ची मागणी मेली नाही म्हणून २०२३ मध्ये ते पुन्हा काढावं लागलं. आठवणींवर काही शे नग खपतात. चार दशकं उत्पादन चालत नाही.

मग इकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे यंत्र दिसत का नाही? किंमत हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण परीक्षेचा नियम. परीक्षांना ‘नॉन-प्रोग्रामेबल’ कॅल्क्युलेटर चालतो, आणि आज बाजारात मिळणारी उलट पोलिश यंत्रं जवळजवळ सगळी प्रोग्रामेबल आहेत. ही पद्धत स्पर्धेत हरलेली नाही, तिला वर्गाच्या दारातच अडवलं गेलं. जे यंत्र चार वर्षं हातात घेता आलं नाही ते पाचव्या वर्षी नोकरीत कोण घेईल?

यंत्र विकत घ्यायची गरज नाही. फ्री४२ नावाचं ॲप फुकट मिळतं. ते १९८८ च्या एचपी-४२एस ची हुबेहूब नक्कल करतं. टिंगल करणाऱ्या तरुण इंजिनिअरने महिनाभर रोजची आकडेमोड त्यावर करावी, मधला प्रत्येक आकडा वाचावा आणि मग खुशाल हसावं.