तळे झाले, बीजाचे काय?

राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मत्स्यशेतकऱ्याला शेतीच्या दराने वीज, शेतीसारखे कर्ज, किसान क्रेडिट कार्ड आणि विमा मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलेले आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा, भंडारदरा, घोड, नाथसागराचा फुगवटा आणि गावोगावची शेततळी असे पाणीही आहे. पैसा आला, पाणी आहे. मग अडते कुठे? अडते ते बीजावर.

हॅचरी म्हणजे मत्स्यबीज केंद्र दाखवायला शेतकऱ्यांच्या अभ्यास सहली जातात. तिथे मंडळी मोठा कटला हातात धरून फोटो काढतात, चहा घेतात आणि परत येतात. खरे तर तिथे बघायचे असते ते वेगळेच.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात ते अंडी देतात, साठलेल्या तळ्यात देत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच धरून आणावे लागे, आणि त्यात नको ते मासेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन करून दाखवले. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानतात. आज गोल सिमेंटच्या हौदात पाणी फिरते ठेवून, तयार इंजेक्शन देऊन हेच काम होते. अंडी पडली की 16 ते 18 तासांत फुटतात. पुढे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिशवीतल्या अन्नावर जगते. त्यानंतर जे विकायला येते ते मत्स्यजिरे, जेमतेम जिऱ्याएवढे.

इथेच आपली गल्लत होते. जिरे, बीज आणि बोटुकली या तीन वेगळ्या अवस्था आहेत. जिऱ्याचे बीज, म्हणजे इंचभर पिल्लू, व्हायला 15 ते 20 दिवस लागतात आणि चांगल्या संगोपनातही 100 पैकी 30-40 जगतात. बीजाची बोटुकली व्हायला आणखी दोन-तीन महिने, त्यात 60-70 टक्के जगतात. म्हणजे एक लाख जिऱ्याची हाती लागणारी बोटुकली 18 ते 28 हजार. हेच जिरे मरळ, शिवडा, चिलापी असलेल्या गावतळ्यात थेट सोडले तर ते त्या माशांना खाद्यच ठरते. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांना सांगणे आहे, की ठरावात आणि बिलात "एक लाख मत्स्यबीज" असे मोघम लिहू नका. अवस्था लिहा, लांबी लिहा, आणि सोडताना पंचांसमोर नमुना मोजा.

आपल्या जिल्ह्याला हे जास्तच लागू पडते. आपला बहुतेक भाग अवर्षणप्रवण. बीज मिळते पावसाळ्यात आणि शेततळ्यातले पाणी मार्च-एप्रिलमध्ये डाळिंब, संत्रीला द्यावे लागते. हाती उरतात आठ महिने, त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते. जिरे सोडले तर पहिले तीन महिने बोटुकली होण्यातच जातात. म्हणून शेततळ्याला बोटुकलीच हवी, तीही चार बोटे लांबीची. हेक्टरी 5 ते 10 हजार या हिशोबाने 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला 450 ते 900 नग पुरे. स्वस्त मिळाले म्हणून पाच हजार टाकले तर सगळेच खुरटतात.

दुसरा प्रश्न जातीचा. त्याच त्या नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज काढले की वाढ घटते. एकाच हौदात रोहू-कटला एकत्र ठेवले की संकर होतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य संशोधन संस्थेने निवड पद्धतीने तयार केलेली 'जयंती रोहू' 1997 मध्ये शेतकऱ्यांना दिली. दर पिढीला वाढीत सुमारे 17 टक्के सुधारणा तिच्यात नोंदली गेली. म्हणून केंद्रावर गेल्यावर विचारा: नर-मादी कुठून आणले, किती वर्षांनी बदलता? नुसते "चांगले आहे साहेब" हे उत्तर धरू नका.

तिसरी गोष्ट वाहतुकीची. आपल्याकडे बरेच बीज थेट बंगालमधून येते. लांबच्या प्रवासात दमलेले पिल्लू पहिल्या आठवड्यातच मरते आणि दोष पाण्यावर जातो. पिशवी आली की ती बंदच 15-20 मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग हळूहळू तळ्याचे पाणी आत घ्यावे. सोडणे सकाळी किंवा संध्याकाळी, भर उन्हात नाही.

याचा अर्थ प्रत्येक तालुक्यात मोठी हॅचरी हवी असा नाही. भुवनेश्वरच्याच संस्थेने फायबरची, हलवता येणारी हॅचरी तयार केली आहे, तिच्यात एका वेळी दहा लाखांच्या आसपास जिरे निघते. एखादी मच्छीमार सहकारी संस्था ती चालवू शकते. त्याहून सोपे म्हणजे मातीचे छोटे तळे असलेल्यांनी खात्रीचे बीज आणून बोटुकली वाढवावी आणि शेजारच्या शेततळ्यांना विकावी. दोन-तीन महिन्यांत पैसा मोकळा होतो, मार्चच्या पाण्याची धास्ती नाही. बचत गटांना हा धंदा चांगला झेपेल.

मत्स्यव्यवसाय विभागाने यंदा अनुदानाची किती प्रकरणे झाली हे सांगताना जिल्ह्यात किती बोटुकली तयार झाली हेही सांगावे. शेतीचा दर्जा मिळाला आहे, तर शेतीचा पहिला नियमही पाळू या. बियाणे पारखल्याशिवाय पेरायचे नाही.