ड्रिप बंद केलेली विश्रांती म्हणजे उपवास



मृग बहाराचा माल उतरला की आपल्या सांगोल्याकडं दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण भाव बघून लगेच पुढचा बहार धरतो. दुसरा म्हणतो, "बागेला विश्रांती दिलीय," आणि ड्रिप बंद करून गावाकडं निघून जातो. माझं मत असं आहे की दोघंही झाडाचं सारखंच नुकसान करतात. का, ते नीट समजायचं तर पानात काय चालतं ते बघावं लागतं.

खत म्हणजे झाडाचं अन्न, असं आपण सर्रास बोलतो. खत लागतंच, त्यात वाद नाही. पण वाळलेलं लाकूड जाळून बघा. मागं मूठभर राख उरते. जमिनीतून घेतलेली खनिजं तेवढीच. नत्र जळताना उडून जातं, पण तेही थोडंच असतं. बाकी सगळं वजन हवा आणि पाणी यांच्यापासून पानानं तयार केलेलं असतं.

पानाच्या एकेका पेशीत हिरवे बारीक दाणे असतात, त्यांना हरितलवक म्हणतात. त्यात दोन कामं चालतात. दाण्याच्या आत चकत्यांच्या चळती असतात. तिथं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या ताकदीवर पाणी फुटतं. ऑक्सिजन बाहेर जातो, ऊर्जा आत साठते. दुसरं काम चकत्यांच्या भोवतालच्या द्रवात होतं. रुबिस्को नावाचं विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि पहिल्या कामातली ऊर्जा वापरून साखर बनते. दिवसा यातली काही साखर पानातच स्टार्च म्हणून थांबते आणि रात्री विरघळून सालीतल्या नळ्यांनी पुढं जाते.

पुढं म्हणजे कुठं? खरा मुद्दा हाच आहे. ज्याची ओढ जास्त, तिकडं. झाडावर फळ असेल तर साखर आधी फळ ओढतं. खोडाला आणि मुळीला उरलंसुरलं मिळतं. फळ उतरल्यावरच खोड-मुळीची तिजोरी भरायला लागते. आणि पुढच्या बहाराला इथ्रेल मारून आपण पानगळ करतो, तेव्हा झाडावर कारखानाच शिल्लक नसतो. नवी पालवी आणि पहिली कळी त्या तिजोरीवरच निघते.

दोन वर्षांपूर्वी मी हीच चूक केली. जानेवारीत माल गेला, भाव चांगला मिळाला. वरच्या तुकड्याला लगेच ताण दिला आणि फेब्रुवारीच्या शेवटी पानगळ केली. खालच्या तुकड्याला आबांनी हात लावू दिला नाही. "झाड बी माणसासारखंच हाय, बाळंतपणानंतर सव्वा महिना तरी दे की," म्हणाले. त्या तुकड्याला एप्रिलपर्यंत बेताचं पाणी चालू होतं, पानं टिकवायला फवारण्याही केल्या. वरच्या तुकड्यात कळी भरपूर निघाली, पण नर कळीच जास्त. मादी कळी शोधावी लागत होती. सेटिंग झालंच नाही.

भाचा कृषी पदवीला आहे. त्यानं दोन्ही तुकड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापल्या आणि कापलेल्या तोंडावर मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च असला की आयोडीन निळं-काळं पडतं. खालच्या तुकड्यातली काडी काळी झाली. वरची तपकिरीच राहिली. या चाचणीनं नेमका आकडा कळत नाही, पण दोन काड्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्याला दिसतो. पानगळ करायच्या आधी एकदा करून बघा, खर्च काहीच नाही.

आता दुसऱ्या चुकीबद्दल. "ऊन भरपूर आहे, पान आपलं काम करेल" हा गैरसमज. मुळाला पाणी नसलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. उन्हात रुबिस्को मग ऑक्सिजनच पकडायला लागतं आणि बनवलेली साखर वाया जाते. आपली मालदांडी ज्वारी यातून वाचते, कारण तिच्या पानात कार्बन डायऑक्साइड गोळा करून रुबिस्कोपर्यंत पोचवायची वेगळी सोय आहे. डाळिंबाला ती नाही. म्हणून मार्च-एप्रिलच्या उन्हात ड्रिप बंद ठेवून दिलेली विश्रांती हा उपवास आहे. तिजोरी भरत नाही, उलट श्वसनात खर्च होते. ताण द्यायचाच आहे, पण तो विश्रांती संपल्यावर.

केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञही वर्षाला एकच बहार धरा, मध्ये विश्रांती द्या, हेच सांगतात. आपण ऐकतो आणि भाव दिसला की विसरतो. मला कळतं, बँकेचा हप्ता विश्रांती घेत नाही. ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं निदान अर्धी बाग तरी सोडावी. थकलेल्या झाडाला तेल्या आला किंवा खोडकिडा लागला तर ते सावरत नाही, आणि बाग उपटायचा खर्च हप्त्यापेक्षा मोठा असतो. आपल्या तालुक्यात तो किती जणांनी केलाय, तुम्ही बघितलंय.

म्हणून माल उतरल्यावर तीन-चार महिने पान हेच पीक समजा. बेताचं पाणी द्या, शेणखत द्या, डाग आणि किडीपासून पान वाचवा. त्या दिवसांत बागेत विकायला काही नसतं, पण पुढच्या वर्षीची कळी तेव्हाच ठरते.

तुमच्याकडं विश्रांतीत पाणी चालू ठेवता की बंद? अनुभव सांगा.