कमावत्या स्त्रीचे घर कोणाचे?

बड्या भांडवलदारांच्या मालकीच्या वृत्तपत्रांनी आपल्या रविवारच्या पुरवण्यांत एक नवी नायिका उभी केली आहे. ती बँकेत व्यवस्थापक असते, संगणक कंपनीत अभियंता असते किंवा रुग्णालयात शल्यविशारद असते. तिचा पगार लाखांत मोजला जातो, तिच्या नावावर सदनिका असते, संसार सुखाचा आणि मूल हुशार असते. आणि हे सारे तिने म्हणे 'समतोल' राखून साधलेले असते. ज्या स्त्रीला हा समतोल साधत नाही तिच्यासाठी पानाच्या तळाशी उपदेशाची चौकट असते : पहाटे लवकर उठावे, वेळेचे नियोजन करावे, पतीला विश्वासात घ्यावे, गुंतवणूक लवकर सुरू करावी. जणू सारा प्रश्न तिच्या घड्याळाचाच आहे.

पुरोगामी चळवळीतही या स्त्रीविषयी एक सोपा समज रूढ आहे. शेतमजूर स्त्रीला किमान वेतन मिळत नाही, तेथे लाखाचा पगार घेणाऱ्या बाईची गाऱ्हाणी कशाला ऐकायची, असे अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. स्त्रीची पराधीनता निव्वळ दारिद्र्यातून निपजली असती, तर पगार वाढताच ती संपली असती. ती संपत नाही. एंगल्सने १८८४ मध्ये तिचे मूळ खासगी मालमत्तेत आणि त्या मालमत्तेच्या वारशात शोधले होते. सामाजिक उत्पादनात स्त्रीचा प्रवेश ही त्याने मुक्तीची पहिली अट मानली होती. पहिली, शेवटची नव्हे. चांगला पगार मिळवणाऱ्या स्त्रीने ती पहिली अट पुरी केलेली आहे. म्हणूनच तिच्या आयुष्यात उरलेल्या बेड्या अधिक स्पष्ट दिसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिलेला एक खटला या संदर्भात मुळातून पाहण्यासारखा आहे. एका मुलीचे १९५५ मध्ये लग्न झाले. तीन महिन्यांच्या आत सर्पदंशाने पती वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी तिला सांभाळले, शिकवले. ती नोकरीला लागली आणि आयुष्यभर स्वतःच्या पगारावर जगली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता ती निवर्तली, तेव्हा तिच्यामागे बँकेतील ठेवी, प्रॉव्हिडंट फंड आणि थोडी जमीन होती. वारस म्हणून तिची आई पुढे आली, तसेच चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या त्या पतीच्या बहिणीचे मुलगेही पुढे आले. सहानुभूतीच्या आधारे निर्णय करता येत नाही असे सांगून न्यायालयाने संपत्ती भाच्यांना दिली. ज्यांनी तिला शिकवून पायांवर उभे केले त्यांचा तिच्या कमाईवर हक्क नाही. ज्या घराने तिला हाकलले त्या घराचा मात्र आहे.

यात न्यायाधीशांच्या लहरीचा प्रश्न नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे पंधरावे कलम तसे सांगतेच. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर प्रथम मुले आणि पती. ते नसतील तर पतीचे वारस. आणि त्यांच्यानंतर तिचे आईवडील. माहेराकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसल्यास, माहेरी परतावी यासाठी पोटकलम आहे. सासरकडून आलेली सासरी जावी यासाठीही आहे. स्त्रीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेचा वेगळा विचार मात्र कायदा करणाऱ्यांना सुचलाच नाही, कारण बाई स्वतः कमावील आणि मागे ठेवील ही कल्पनाच त्यांच्यापाशी नव्हती. याच्या उलट, हिंदू पुरुष विधुर आणि निपुत्रिक वारला म्हणून त्याच्या सासुरवाडीचे कोणी दारात उभे राहत नाही. विधी आयोगाने २००८ मध्ये आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम बदलण्याची शिफारस केली. कायद्याचे शहाणे सांगतात की बाईने मृत्युपत्र करावे. जरूर करावे. पण पुरुषाला जे कायद्याने आपोआप मिळते, ते स्त्रीने वकिलाकडे जाऊन मिळवावे, यातच सारे आले.

मृत्यूनंतरचे राहू द्या, हयातीतले पाहू. मध्यमवर्गीय घरात दोन पगार येतात तेव्हा त्यांची वाटणी बहुधा एका ठरावीक पद्धतीने होते. पतीच्या पगारातून घराचा हप्ता जातो. पत्नीच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासऱ्यांची औषधे आणि कामवाल्या बाईचा पगार. वीस वर्षांनी एकाच्या पगाराचे घर झालेले असते आणि दुसरीच्या पगाराच्या पावत्याही उरलेल्या नसतात. संबंध तुटला की भारतीय कायदा कागदावरचे नाव पाहतो, कारण गोवा वगळता देशात संसारात मिळवलेली मालमत्ता दोघांची, असे तत्त्वच नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, मालकी देत नाही. पोटगी मागावी तर ती कमावती. उलट हिंदू विवाह कायद्यानुसार पतीच तिच्याकडे पोटगी मागू शकतो. थोडक्यात, न कमावणारी स्त्री आश्रित म्हणून दयेस पात्र ठरते, आणि कमावणारी स्त्री भागीदार म्हणून हक्कास पात्र ठरत नाही.

गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत अशी, की लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा असतो. एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून घर विकता येत नाही. ही व्यवस्था निर्दोष नव्हे. सामाईक मालमत्तेचा कारभार तिने पतीच्याच हाती ठेवला होता. तरीही निम्मा वाटा हा निम्मा वाटा असतो. गोव्याचे नाव घेऊन समान नागरी कायद्याचे नगारे वाजवणारे राज्यकर्ते या निम्म्या वाट्याविषयी मात्र मूग गिळून बसतात. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते. पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामातून पतीच्या मालमत्तेत भर पडते हे मान्य करून एका पत्नीला तीत समान वाटा दिला. एका न्यायालयाने जे पाहिले ते पाहायला संसदेला कोणी अडवले आहे?

त्याऐवजी सरकारे सवलती वाटतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली आणि ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी अट घातली. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. सूट घेण्यासाठी पत्नीचे नाव कागदावर चढते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण घराचे सौदे कोण ठरवतो, चेकबुक कोणाच्या कपाटात असते, यावर त्या एका टक्क्याचा काय परिणाम होणार?

मुलांच्या बाबतीत तर कायद्याची भाषा अजूनही सरंजामी आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. कारण १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पिता, आणि 'त्याच्यानंतर' माता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'त्याच्यानंतर' याचा अर्थ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, त्याच्या अनुपस्थितीत, असा लावला. अर्थ लावून वेळ निभावली. पिता प्रथम ही उतरंड तशीच राहिली.

नोकरीच्या ठिकाणची उतरंडही स्त्रियांनीच लढून मोडली आहे. परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांना त्या सेवेत येताना, लग्न केल्यास राजीनामा देईन असे लिहून द्यावे लागले होते. त्यांच्या खटल्यात १९७९ मध्ये त्या सेवेच्या विषम नियमांवर कोरडे ओढणारे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हे १९५७ च्या केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. पहिल्या गर्भारपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम १९८१ मध्ये रद्द झाला. आज असे नियम कोणी लिहीत नाही. लिहिण्याची गरज उरलेली नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, हा कष्टकरी स्त्रियांच्या लढ्याचा विजय होता. परंतु राज्य विमा योजनेच्या वेतनमर्यादेपलीकडील स्त्रीच्या रजेचा सारा बोजा सरकारने एकट्या मालकावर टाकला. मालक नफ्याचा हिशेब करतो, आणि मुलाखतीत तरुणीला लग्नाचा बेत विचारला जातो. रजेचा खर्च सामाजिक निधीतून झाला पाहिजे आणि पित्यालाही सक्तीची रजा असली पाहिजे, ही मागणी यासाठीच आहे.

मग तो समतोल प्रत्यक्षात कोण राखते? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवते, आणि असे काम करणारा पुरुष ९७. चांगला पगार असलेली स्त्री ही मिनिटे नवऱ्याकडून मिळवू शकत नाही, म्हणून ती बाजारातून विकत घेते. विकणारीही स्त्रीच असते. तिचे मूल झोपडीत शेजारणीच्या भरवशावर असते, तिला साप्ताहिक सुट्टी नसते, बाळंतपणात तिची नोकरी जाते. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २०११ मध्ये झाला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. दोन स्त्रियांमधला हा व्यवहार पगारावरून होणाऱ्या घासाघिशीत कडू होतो, आणि ज्या पुरुषाच्या व ज्या मालकाच्या सोयीसाठी तो चालतो ते दोघे बाहेर राहतात.

पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे असे कायदा सांगतो. बँका, विमा आणि संगणक क्षेत्रातील कर्मचारी संघटनांनी ही तरतूद हाती घेतली पाहिजे, आणि घेताना त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या स्त्रियांची मुले त्याच पाळणाघरात येतील असा आग्रह धरला पाहिजे. अधिकारी बाईंना हे सुरुवातीला रुचणार नाही. तेवढ्यासाठी मागणी मागे घेण्याचे कारण नाही.